रॉड बांधताना धागा किती जाड घ्यायचा: गाइडच्या पायापासून रॉडच्या टोकापर्यंत

हाताने बांधलेल्या फिशिंग रॉडवर एक खूण सारखी दिसते. गाइडचा (दोर ज्यातून जाते त्या रिंगचा) पाय जिथे संपतो, तिथे धागा ब्लँकवरून (रॉडच्या नुसत्या दांडीवरून) एकदम पायावर उडी मारतो. मधे बारीक फट राहते आणि इपॉक्सीखाली (धाग्यावर चढवायच्या कडक, पारदर्शक लेपाखाली) चंदेरी ठिपक्यासारखी चमकत राहते. रॉड वापरात आला की बरेचदा पहिला तडा त्याच जागी जातो. बांधणाऱ्याला वाटतं, आपला हात नीट बसला नाही. हात बहुतेक वेळा ठीक असतो. धागा चुकीचा घेतलेला असतो, नाहीतर पाय नीट घासलेला नसतो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची. हलक्या, नाजूक रॉडवर ‘मजबूत व्हावं’ म्हणून जाड धागा चढवला जातो. त्यावर इपॉक्सीचा जाड थर लागतो आणि रॉडचं टोक सुस्त होतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. धागा सगळ्यात शेवटी, रंग बघून घेतला जातो. खरं तर जाडी ठरते ती गाइडच्या पायावरून, आणि त्या जागी ब्लँक किती वाकणार आहे त्यावरून. मजबुती येते वेढ्यांच्या संख्येतून आणि इपॉक्सीतून. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचा क्रम आपोआप लागतो. तो क्रम मात्र मोडू नका.

आधी जवळ काय हवं

जो ब्लँक बांधायचा तो, आणि त्यावर बसणारे सगळे गाइड. बारीक दातांची सपाट कानस, बारीक पॉलिश पेपर, स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर कॅलिपर, धारदार नवं ब्लेड, मास्किंग टेप. एक भिंग असलं तर फार उपयोगी पडतं. सरावासाठी ब्लँकचा तुटका तुकडा हवा. तो नसेल तर गुळगुळीत लाकडी दांडी चालेल, पण जाडीला खऱ्या ब्लँकच्या जवळची घ्या.

हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि क्रीम लावू नका. तेलकट बोटाचा धाग्यावर पडलेला डाग बांधताना दिसत नाही. इपॉक्सी चढवल्यावर त्या जागी इपॉक्सी मागे सरकतं आणि वर गोल खळगा राहतो.

१. नंबरांचा घोळ आधी सोडवा

धाग्याची जाडी सांगायच्या पद्धती एकमेकींच्या उलट चालतात, त्यामुळे पहिली चूक खरेदीतच होते.

रॉडच्या धाग्याला इंग्रजी अक्षरं असतात. ए बारीक, डी जाड, ई त्याहून जाड. मधले बी आणि सी क्वचितच दिसतात, व्यवहारात निवड ए आणि डी यांच्यातच असते. ए-पेक्षा बारीक धाग्यांना शून्य लावतात, आणि तिथे जितकी शून्यं जास्त तितका धागा बारीक. डेनिअर ही पद्धत सरळ आहे: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, धागा जाड. शिवणकामाच्या धाग्यावरचा टिकिट नंबर मात्र उलटा: आकडा मोठा, धागा बारीक. ही पद्धत डोक्यात ठेवून कोणी डेनिअरचा आकडा वाचला, की हवा त्याच्या नेमका उलट धागा घरी येतो.

ढोबळ मानाने ए साधारण ०.१५ मि.मी. आणि डी साधारण ०.२५ मि.मी. जाड धरा. ढोबळच, कारण अक्षर तेच असलं तरी वेगवेगळ्या बनावटींच्या धाग्यांत फरक असतो.

इशारा: शिवणाचा धागा रॉडवर वापरू नका. त्यातला बराचसा आखूड तंतूंपासून कातलेला असतो, त्याला लव असते. ती इपॉक्सीतून केसासारखी वर उभी राहते. शिवाय मशीनमधून सुळकन जावा म्हणून काही धाग्यांवर मेण किंवा सिलिकॉनचा हात असतो आणि त्यावर इपॉक्सी धरत नाही. रॉडचा धागा अखंड तंतूंचा, हलक्या पिळाचा असतो. त्यामुळे तो दाबला की थोडा चपटा होऊन शेजारच्या वेढ्याला चिकटून बसतो.

२. धागा स्वतः मोजा

रिळावरच्या अक्षरावर विसंबू नका. गुळगुळीत दांडीवर १० मि.मी. अंतराच्या दोन बारीक खुणा करा. नेहमीच्या ताणाने, वेढ्याला वेढा लावून, मधली जागा भरा आणि वेढे मोजा. १० ला त्या संख्येने भागलं की मिळते ती धाग्याची *बांधलेली* जाडी, आणि आपल्या कामाची तीच. ०.१५ मि.मी.च्या धाग्याचे सुमारे ६७ वेढे बसतील, ०.२५ च्या धाग्याचे ४०.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. एका सेंटिमीटरमध्ये ए-चे वेढे डी-च्या दीडपटीहून जास्त. ‘बारीक धागा कमजोर’ ही समजूत इथेच ढिली पडते. एक तंतू कमजोर असेल, पण गाइडच्या पायावर असे तंतू कितीतरी जास्त असतात आणि इपॉक्सी त्या सगळ्यांना एकत्र बांधून टाकतं.

याच आकड्यांवरून धागा किती लागेल तेही काढा. ८ मि.मी. जाड ब्लँकचा घेर साधारण २५ मि.मी. त्यावर २५ मि.मी. लांबीचं रॅप (धाग्याचं वेष्टण) ए धाग्याने केलं तर सुमारे १६७ वेढे, म्हणजे ४.२ मीटर धागा. डी-ने १०० वेढे, म्हणजे २.५ मीटर. टोकाकडे घेर कमी होतो, तसा धागाही कमी लागतो. दोन पायांच्या आठ गाइडचा रॉड असेल तर सोळा रॅप होतात. सरासरी तीन मीटर धरले तरी ४८ मीटर. सराव आणि उसवणूक धरून १०० यार्डांचं, म्हणजे सुमारे ९१ मीटरचं, एक रीळ पुरतं. मुख्य रंगाचा धागा मात्र एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्या. दोन लॉटमधल्या रंगातला फरक रिळावर कळत नाही, इपॉक्सीखाली कळतो.

३. गाइडचा पाय घासा, मगच धाग्याचा विचार करा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक जण इथे घाई करतात आणि पुढचं सगळं काम त्या घाईला झाकण्यात जातं.

गाइड हातात घ्या. पायाच्या टोकावर वरून नख फिरवा. नख अडकलं तर धागाही अडकणार. कारखान्यातून आलेल्या पायाचं टोक अनेकदा बोथट असतं, त्याची उभी कड ०.३ ते ०.५ मि.मी. सुद्धा भरते. म्हणजे ब्लँकवरून येणाऱ्या ०.१५ मि.मी.च्या धाग्याला स्वतःच्या दोन-तीनपट उंच पायरी एका वेढ्यात चढायची असते. ते शक्य नाही. वेढा घसरून मागे येतो किंवा पुढे उडी मारतो.

पाय वरच्या बाजूने घासा. टोकाकडे निमुळता उतार काढत जा, शेवटी कड सुरीच्या पात्यासारखी बारीक झाली पाहिजे. कानस नेहमी टोकाच्या दिशेने ओढा. मग बारीक पॉलिश पेपरने ओरखडे काढा. गाइड उलटा करून पायाच्या तळाशी आलेली कस, म्हणजे घासताना निघालेली धातूची धारदार कड, काढून टाका. ही कस विसरली तर ती ब्लँकमध्ये रुतते आणि ग्राफाइटचा ब्लँक पुढेमागे तिथेच तुटतो.

तपासणी: पाय ब्लँकवर ठेवून धागा हाताने आडवा ओढून बघा. सपाट ब्लँकवरून तो न अडखळता उतारावर चढला पाहिजे. मग ब्लँक डोळ्यांसमोर धरून पायाखालून उजेड येतोय का बघा. टोक वर उचललेलं असेल तर पक्कडीने अगदी हलके वाकवून सरळ करा. ते धाग्याने दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, तो ताण ब्लँकवर कायमचा राहतो.

उतार नीट निघाला, तर ए धागा जवळपास कुठल्याही गाइडवर चढतो. पाय जाड आणि रुंद असेल, तर त्याच्या दोन्ही कडांना धागा आणि ब्लँक यांच्यामध्ये लांब बोगदा राहतो. तो कोणत्याही धाग्याने राहतोच. तो भरायचं काम इपॉक्सीचं, त्याकडे शेवटी येऊ.

४. जागेप्रमाणे जाडी ठरवा

‘या रॉडला कोणता धागा’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. एका रॉडवर दोन जाड्या असू शकतात, काही वेळा असायलाच हव्यात. टोकापासून बुडाकडे, म्हणजे मुठीकडे, जात एकेक जागा बघा.

*टोकाचा अर्धा भाग.* हलका स्पिनिंग रॉड, फ्लाय रॉड, छोट्या रिंगांचे एका पायाचे गाइड: ए, दुसरा विचार नको. टोकाशी ब्लँक दोन-तीन मि.मी. जाडीचा असतो. तिथे डी धागा आणि त्यावरचं इपॉक्सी म्हणजे ब्लँकवर चढवलेली कडक नळी. ती वाकत नाही, ब्लँक वाकतो, आणि सगळा ताण नळीच्या कडेला साठतो. अगदी बारीक मायक्रो गाइडवर ए-पेक्षाही बारीक धागा चांगला बसतो, पण त्यासाठी हात तयार असावा लागतो.

मी एका हलक्या रॉडवर सगळीकडे डी वापरला होता. टोकाच्या चार गाइडचं रॅप उसवून, ब्लँक साफ करून पुन्हा ए-ने बांधलं, तेव्हा रॉड हलवताना मनगटाला फरक कळला. टोक झटका देऊन लगेच स्थिर होत होतं, आधी ते डुलत राहायचं. धाग्याचं वजन ते किती, पण त्याच्यासोबत इपॉक्सीही वाढतं आणि रॉडच्या टोकाला वजन सगळ्यात महाग पडतं.

*एका पायाचे गाइड.* पकड एकाच बाजूने असते, त्यामुळे गाइड पुढे ओढला जाऊन निसटण्याचा धोका असतो. उपाय जाड धागा हा नाही. रॅप पायावरून रिंगच्या मुळापर्यंत नेल्यावर धागा रिंगच्या दांड्यापलीकडे, नुसत्या ब्लँकवर न्या आणि तीन-चार लॉकिंग वेढे घालून परत आणा. हे ए धाग्याने सुबक होतं. डी-ने तिथे गाठीसारखा फुगवटा येतो.

*बुडाकडचे मोठे गाइड.* मध्यम रॉडवर इथेही ए पुरतो. समुद्रातल्या जड कामाचे, बोटीवरचे, ट्रोलिंगचे रॉड, दोन पायांचे जाड गाइड, रोलर गाइड: इथे डी घ्या. पाय लांब आणि उंच असतो, तो बारीक धाग्याने झाकायला फार वेळ जातो. शिवाय अशा रॉडवर गाइड रेलिंगला, दुसऱ्या रॉडला घासतात. जाड धागा ती झीज जास्त सोसतो. ई मोजक्याच, फार जड रॉडवर लागतो. ज्याला अजून डी नीट बसवता येत नाही, त्याने ई-कडे जाऊ नये.

जड रॉडसाठी आणखी एक वाट आहे: ए धाग्याचं दुहेरी रॅप. एकदा पूर्ण बांधायचं आणि त्यावर पुन्हा. वेळ दुप्पट लागतो, पण उतारावर धागा सुरेख चढतो. घाई नसेल तर मला हे डी-पेक्षा जास्त आवडतं.

*जोडाची कड.* दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये एक तुकडा दुसऱ्यात घुसतो. बाहेरच्या तुकड्याची कड आतून फाकायला बघते. रॉडवर ही एकच जागा अशी, जिथे धाग्याचं वेष्टण खरोखर ब्लँकची ताकद राखतं. इथे ए घ्या, वेढे घट्ट घाला, अगदी कडेपर्यंत न्या, हवं तर दुहेरी करा. कडेपासून दोन-तीन मि.मी. मोकळे सोडणं ही नेहमी दिसणारी चूक. चीर तिथूनच सुरू होते.

*मुठीजवळची नक्षी.* चौकटी, हिरे असं आडवं-तिडवं काम शिकताना डी बरा. जागा लवकर भरते आणि रेष ठळक दिसते. बारीक नक्षी किंवा विणकाम करायचं तर ए. मुठीजवळ ब्लँक वाकत नाही, त्यामुळे इथे वजनाची चिंता कमी, डोळ्यांची जास्त.

५. अंडररॅप हवा का, ते आता ठरवा

गाइडच्या पायाखाली आधीच धाग्याचा एक थर देणं म्हणजे अंडररॅप. जड रॉडवर तो धातूच्या पायापासून ब्लँक वाचवतो. हलक्या रॉडवर तो नुसतं वजन वाढवतो. तिथे पाय नीट घासलेला असला की पुरे.

अंडररॅप करायचा तर ए-ने. वर डी असला तरी खाली ए. खालचा थर जितका सपाट, तितका पाय स्थिर. डी-च्या अंडररॅपवर पाय वेढ्यांच्या सऱ्यांवर टेकतो आणि थोडा डोलतो. रंग जुळावा म्हणून खाली-वर दोन्हीकडे डी वापरलेला बरेचदा दिसतो. मग गाइड सरळ रेषेत ठेवताना दर वेळी एका सरीतून दुसऱ्या सरीत घसरतो.

अंडररॅपवर इपॉक्सीचा एक पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्या, मग गाइड ठेवा. ओल्या किंवा चिकट थरावर गाइड बांधायची घाई करू नका.

६. जाडी तीच, धागा वेगळा

साध्या नायलॉनच्या धाग्यात इपॉक्सी झिरपतं आणि तो अर्धपारदर्शक होतो. रंग गडद होतो, फिके रंग काळ्या ब्लँकवर जवळपास नाहीसे होतात आणि गाइडचा पाय आतून दिसायला लागतो. कुणाला हाच परिणाम हवा असतो. रेशमाचंही असंच, आणि बारीक रॅपवर ते फार देखणं दिसतं.

एनसीपी, म्हणजे रंग टिकवायला वेगळा लेप न लागणाऱ्या, धाग्याचा रंग इपॉक्सीखालीही जसाच्या तसा राहतो. किंचित निस्तेज दिसतो, पण फसवत नाही. पहिल्या रॉडसाठी मी हाच सुचवेन.

साध्या धाग्याचा रंग टिकवायला कलर प्रिझर्व्हर लावतात. तो लावायचाच तर धागा पूर्ण भिजेल असा लावा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. अर्धवट भिजला तर इपॉक्सी जागोजागी आत शिरून डाग पाडतं. आणि हे विसरू नका, की प्रिझर्व्हर इपॉक्सीला ब्लँकपर्यंत पोचू देत नाही, म्हणजे पकड कमी होते. जड रॉडच्या गाइडवर म्हणून तो टाळलेलाच बरा.

जरीसारखा चमकणारा मेटॅलिक धागा नायलॉनसारखा ताणत नाही, आणि वाकवला की त्याच्या कडा दिसतात. तो काठासाठी, म्हणजे रॅपच्या कडेच्या शोभेच्या वेढ्यांसाठी, ठेवा. पायाच्या उतारावर त्याने चढायचं धाडस करू नका.

७. नमुना बांधल्याशिवाय रॉडला हात लावू नका

तुकड्यावर एक जुना गाइड बांधा. मुख्य धागा, काठाचा धागा, इपॉक्सी, सगळं अगदी खऱ्यासारखं. अर्ध्या रॅपवर इपॉक्सी लावा, अर्धं कोरडं ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात दोन्ही शेजारी बघा. रंग किती बदलला, पाय दिसतो का, उतारावर फट आहे का, वेढ्यांच्या सऱ्या भरल्या का: चारही उत्तरं एका तुकड्यावर मिळतात. तुकड्यावर धाग्याचं नाव आणि साइज लिहून ठेवा.

८. ताण जाडीप्रमाणे बदला

यंत्र नसेल तर रीळ पेल्यात ठेवा आणि धागा जाड पुस्तकाच्या पानांमधून काढा. वर वजन वाढवलं की ताण वाढतो. साधी सोय आहे, पण चांगली चालते.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ताण तोच ठेवून डी-वरून ए-वर आलात, तर ब्लँकवरचा दाब वाढतो. प्रत्येक वेढा तेवढ्याच जोराने आवळतो आणि सेंटिमीटरमध्ये वेढे ४० ऐवजी ६७ असतात. त्यामुळे ए बांधताना पुस्तकावरचं वजन कमी करा. पातळ भिंतीच्या ग्राफाइट ब्लँकवर तर नक्कीच.

तपासणी: रॅप पूर्ण झाल्यावर गाइडला अंगठ्याने बाजूने दाबा. थोडा जोर लावल्यावर तो किंचित सरकला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ताण जास्त. आपोआप हलत असेल तर कमी. हे किंचित सरकणं लागतंच, कारण सगळे गाइड एका रेषेत आणायचं शेवटचं काम अजून बाकी आहे.

९. बांधणी: सुरुवात ब्लँकवर, चढ पायावर

अ) गाइड मास्किंग टेपने धरा. रॅप कुठून सुरू होणार त्याची खूण करा. पायाच्या टोकापासून तीन ते पाच मि.मी. अलीकडे, नुसत्या ब्लँकवर.

आ) धागा स्वतःवरून ओलांडून घ्या आणि चार-पाच वेढे घाला. वेढे एकमेकांना चिकटवून मागची शेपटी कापा. ती फार लवकर कापली तर सगळं सुटतं, फार उशिरा कापली तर खाली लांब उंचवटा राहतो, आणि ए धाग्यात तो स्पष्ट दिसतो.

इ) पायाच्या टोकाशी थांबा. बोटाच्या नखाने आधीचे वेढे मागून पुढे ढकलून गच्च करा. आता एकेक वेढा सावकाश चढवा. धागा ब्लँकशी काटकोनात ठेवा, किंचित मागे झुकलेला असेल तर उत्तम. फट पडली तर लगेच मागे या. पाच वेढे उसवायला अर्धं मिनिट लागतं, इपॉक्सीनंतर अख्खा गाइड कापावा लागतो.

ई) शेवटाच्या आठ-दहा वेढे आधी ओढ-फासा (धाग्याचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायचा दुमडलेला धागा) ठेवा. फास्याचा धागा मुख्य धाग्यापेक्षा जाड नको. ए-च्या कामात डी-चा फासा ठेवला की ओढताना शेवटचे वेढे फाकतात. टोक फाशात घालून, ते ताणातच ठेवून एका दमात ओढा. मग वेढे थोडे बाजूला सारून टोक ब्लेडने बुडाशी कापा आणि वेढे परत जुळवा. कापताना ब्लेड धाग्याला समांतर, ब्लँकवर दाब शून्य.

उ) गुळगुळीत गोल वस्तूने, पेनाचं टोपण चालतं, रॅप घासून वेढे सारखे करा. बारीक फटी यातच बुजतात. लव उरली असेल तर स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून रॅप झटकन फिरवा. थांबलात तर नायलॉन वितळतं, लायटर वापरला तर काजळी धरते.

१०. काठ

काठाचे तीन ते सहा वेढे मुख्य धाग्याच्याच जाडीचे असू द्या. डी-च्या शेजारी ए-चा मेटॅलिक काठ बसवला तर तो खड्ड्यात बसल्यासारखा दिसतो आणि त्या खाचेत इपॉक्सीचे बुडबुडे अडकतात. बारीक काठच हवा असेल, तर तो मुख्य रॅपला चिकटवू नका. एक-दोन मि.मी. अंतर सोडून वेगळा बांधा.

११. इपॉक्सी: थर धाग्याच्या जाडीवरून

सगळे गाइड टोकाकडून बघत एका रेषेत आणा. इपॉक्सीनंतर ही संधी नाही.

धागा जाड होईल तशा वेढ्यांमधल्या सऱ्या खोल होत जातात. ए-वर एक किंवा दोन पातळ हात पुरतात. डी-वर दोन, कधी तीन. डी-च्या सऱ्या एकाच जाड हातात भरायला गेलात तर इपॉक्सी खाली ओघळून रॅपच्या मधे पोट तयार होतं.

पहिला हात झिरपण्यासाठी असतो, चकचकीत दिसण्यासाठी नाही. आधी पायाच्या दोन्ही बाजूंच्या बोगद्यांच्या तोंडाशी ब्रशने थेंब ठेवा, इपॉक्सी आत ओढलं जाईपर्यंत थांबा, मग बाकीच्या धाग्यावर पसरवा. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून हवेचा बारीक बुडबुडा बाहेर येताना दिसतो. तो यायचं थांबलं की आत जागा उरली नाही असं समजा. दहा मिनिटांनी ब्रशने जास्तीचं उचलून घ्या आणि रॉड सावकाश फिरत ठेवा.

पहिला हात पूर्ण कडक झाल्यावर दिव्याखाली रॉड तिरका धरा आणि रॅपवर नख आडवं फिरवा. सऱ्या नखाला लागत असतील तर दुसरा हात द्या. लागत नसतील तर थांबा, आणखी एक थर चढवू नका.